तिबोटी, आमचा भाचा आणि घरामागची दरड

गेल्या वर्षी दहावी झाल्यावर भाचा आमच्याकडे गावी येऊन राहिला होता, त्याबद्दल लिहायचं केव्हापासून मनात होतं. यंदाचा पाऊस तोंडावर आला तशी रोजच आठवण यायला लागली, म्हणून आज बसलेच लिहायला.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या अलीकडे. घरात मी आणि आई दोघीच. दादा-वहिनी डोंबिवलीला, मे महिन्यात येतात, आंबे-फणस खातात, पाऊस लागायच्या आत परत जातात, असं दर वर्षीचं ठरलेलं. गेल्या वर्षी पाऊसच कोणासाठी थांबला नाही. २६ मे ला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, म्हणजे आमच्याकडे त्याच्याही आधी. आंबोशी अर्धवट वाळलेली, लाकडं अजून अंगणात, आमसुलं ओली, नुसती धावपळ. त्या गडबडीतच दादाची रजा संपली आणि ती दोघं दिव्याच्या पॅसेंजरने परत गेली. भाचा मात्र राहिला. एक तर अकरावीचे प्रवेश गेल्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले आणि त्याचं वेळापत्रक सारखं पुढे पुढे सरकत होतं, आणि दुसरं म्हणजे निकालावरून बापलेकात जे काय झालं होतं त्यामुळे दोघं एकमेकांशी धड बोलतच नव्हते. ७१ टक्के पडले होते त्याला. वहिनीच मला बाजूला घेऊन म्हणाली, राहू दे तुझ्याकडे थोडे दिवस, दोघांनाही जरा बरं पडेल.

मुलगा कसा आहे ते सांगते. शांत. म्हणजे आमच्याकडे ज्याला घुमा म्हणतात तसा. विचारलं तर उत्तर देईल, ते पण एका वाक्यात. प्रगतीपुस्तकात दर वर्षी तोच शेरा, वर्गात सहभाग घेत नाही. दादाने त्याला काय काय क्लास लावून बघितले, कीबोर्ड झाला, क्रिकेटचा कॅम्प झाला, रोबोटिक्स झालं, सगळीकडे हा जायचा, तक्रार नाही करायचा आणि दोन-तीन महिन्यांनी बंद व्हायचं. दादा म्हणायचा याला कशातच इंटरेस्ट नाही, आणि हे त्याच्यासमोरच म्हणायचा. ऐकून ऐकून पोरालाही ते पटलं होतं. एकदा भांडी विसळताना मला म्हणाला, "आत्या, माझ्यात काही नाहीच आहे गं तसं." रडत-बिडत नव्हता, बाजारात आज कोथिंबीर नव्हती हे सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला. मला तेच जास्त लागलं.

दिवसभर पडवीत बसून असायचा. मोबाईलवर नाही हो, आमच्याकडे घरात रेंजच येत नाही, रेंज फक्त बेड्याजवळ, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, ती पण वारा असेल तेव्हा. तो नुसता बघत बसायचा. मुंगळे मेलेला किडा ओढून नेतायत तर ते बिळापर्यंत जाईस्तोवर बघायचं. आई विचारायची, काय बघतोस रे एवढं? काही नाही, म्हणायचा.

जूनच्या सुरुवातीची रात्र. नऊ-साडेनऊ झाले असतील, पाऊस धो धो, आणि नवीन खोलीत ट्यूब चालू होती. ही नवीन खोली दादाने गणपतीत माणसं मावत नाहीत म्हणून बांधून घेतलेली, वर स्लॅब, आणि खिडक्यांना मोठ्या स्लायडिंग काचा. जुन्या घराला काचच नाही, लाकडी गज आणि झडपा, त्यामुळे हा प्रकार आम्हाला नवीन होता. काचेवर टप्प करून काहीतरी आदळलं. मला वाटलं सुपारीची झावळी असेल. हा बॅटरी घेऊन बाहेर गेला आणि तिथूनच हाक मारली, "आत्या, पंचा आण."

वळचणीखाली लादीवर तो पडला होता. मी इतकी वर्षं इथे राहते पण एवढ्या जवळून असा पक्षी कधी बघितला नव्हता. चिमणीपेक्षा काय मोठा नसेल, आणि त्यात चोचच एवढी लांब, लालभडक. पोट पिवळं-नारिंगी, पाठ निळी-काळी, आणि डोक्यावरून शेपटीपर्यंत बॅटरी फिरली की जांभळी झाक मारत होती. पाय पण लाल, आणि पायाला तीनच बोटं, दोन पुढे आणि एक मागे. डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी, आणि छाती इतक्या जोरात वरखाली होत होती की बघवत नव्हतं. तिबोटी खंड्या. आपल्या कोकणात पावसाबरोबर येतो, पावसाळाभर राहतो, इथेच पिल्लं काढतो आणि पाऊस सरला की निघून जातो. रात्रीचा प्रवास करणारे पक्षी दिव्यांमुळे भरकटतात, त्यात पावसाने दमलेले असतात आणि काच तर त्यांना दिसतच नाही, म्हणून दर वर्षी जूनमध्ये कोकणात असे किती तरी तिबोटी घरांवर येऊन आपटतात.

मग सगळे जमले. आईने पळीत पाणी आणलं, घाल रे सोन्या त्याच्या चोचीत दोन थेंब. शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढायला लागला, आणि मी पण खरं तर चुलीजवळ नेऊन शेकूया का असं म्हणत होते. आणि हा पोरगा, जो चारचौघात तोंड उघडत नाही, तो सरळ सगळ्यांकडे बघून म्हणाला, "कोणी काहीच करू नका." ओरडून नाही, पण असा म्हणाला की काकूंचा हात हळदीच्या वाटीतच राहिला.

पंचा अलगद टाकून त्याने पक्षी उचलला, माझ्या हातात दिला आणि छत्री घेऊन बेड्याकडे पळाला. १९२६ ला फोन लावला, वनविभागाची हेल्पलाइन आहे ती. तिथून जे सांगितलं ते येऊन त्याने जसंच्या तसं केलं, आणि ते इथे लिहिते कारण तुमच्याकडे पण अशी वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, त्याला भोकं हवीत, तळाला सुती कापड, पक्षी आत ठेवून खोका बंद करायचा आणि अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवून द्यायचा. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते, त्यामुळे आपण मायेने ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. रात्री आदळला असेल तर उजाडल्यावर सोडायचा, दिवसा आदळला असेल तर तासा-दोन तासांनी बघायचं, आणि पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, उडतच नसेल तर मात्र परत फोन करून वनविभागाच्या ताब्यात द्यायचा. पाळायचा विचारही करायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

खोका म्हणजे आमच्याकडे आंब्याचा बॉक्स, मे महिन्यातले ढीगभर पडलेले असतात आणि त्यांना हवेसाठी भोकं आयतीच. पक्षी आत ठेवायच्या आधी माझ्या हातात होता तेवढा वेळ मला त्याचं वजन कळलं. तीन काजूबिया हातात धराव्यात तेवढंच. आणि एवढ्याशा जिवाने त्या पावसातून, रात्रीचा, कुठून कुठून उडत येऊन आमच्या काचेवर डोकं आपटलं होतं.

बॉक्स माजघरातल्या फडताळात ठेवला, मांजर पडवीत कोंडली, नवीन खोलीतली ट्यूब बंद केली. आणि हा फडताळासमोर गोधडी टाकून बसला तो रात्रभर. मी मध्ये दोनदा उठले. म्हटलं जरा उघडून बघ ना, जिवंत आहे का तरी कळेल. मान हलवून नाही म्हणाला. "आपल्याला कळेल पण तो घाबरेल." मग लाइट गेली, पावसाचा आवाज वाढला, आणि त्या काळोखात तो तसाच बसलेला. मला जमलं नसतं. खरंच सांगते, मी दहा वेळा झाकण उचललं असतं, आईने पाणी पाजलं असतं, दादा असता तर रात्रीच गाडी काढून डॉक्टरकडे निघाला असता, कारण आमच्या घरात काळजी म्हणजे काहीतरी करणं. त्या पक्ष्याला मात्र त्या रात्री काहीही न करणारं माणूस हवं होतं, आणि ते नेमकं आमच्या घरात होतं.

पहाटे बॉक्समधून खुडबुड यायला लागली. उजाडलं, पाऊस जरा उघडला होता, मागच्या परसात फणसाखाली त्याने बॉक्स जमिनीवर ठेवला, झाकण बाजूला केलं आणि आम्हाला मागे सरायला सांगितलं. पक्षी आधी कडेवर येऊन बसला. मान एकदा इकडे एकदा तिकडे. डोळे आता टक्क उघडे, काळेभोर. मग च्ची करून एकच बारीक शीळ आणि सरळ रेषेत, जमिनीपासून हातभर उंचीवरून, खाली पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे गेला. भुर्रकन वगैरे नाही, सोडलेल्या बाणासारखा पण नाही, दिसला आणि दिसेनासा झाला एवढंच. आई हात जोडून उभी होती. भाच्याने बॉक्समधलं कापड काढून धुवायला टाकलं आणि मला विचारलं, "आत्या, जुनी वही आहे का एखादी?"

तिथून पुढचे दोन महिने मी त्या मुलाला बघत होते.

रोज सकाळी पऱ्याच्या काठाने फिरायचा, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर इरलं नाही तर गोणपाटाची खोळ, छत्री नको म्हणायचा, छत्रीने पक्षी बुजतात. जून अर्धा गेला असेल तेव्हा एक दिवस भिजून चिंब होऊन आला आणि म्हणाला, मिळालं. आणि मिळालं कुठे तर आमच्याच घरामागच्या दरडीत! घर बांधताना डोंगर कापून जी उभी लाल मातीची दरड राहिलेली आहे, न्हाणीघराच्या मागून पार फणसाच्या पलीकडपर्यंत, त्यात फणसाच्या पलीकडच्या टोकाला बोराएवढं नाही पण लिंबू आत जाईल एवढं भोक. त्याच्याजवळच अजून एक होतं पण ते अर्धवट सोडलेलं, आत मूळ लागलं असावं असा त्याचा अंदाज. ते दोघं नर-मादी आळीपाळीने चोचीने माती उकरायचे आणि पायाने मागे ढकलायचे. हा बोगदा आत मीटरभरसुद्धा जातो म्हणे. एवढासा पक्षी, आणि केवढं ते खोदकाम!

आपण सोडलेला तोच हा पक्षी का, असं आईने त्याला बरेचदा विचारलं. सांगता येणार नाही आजी, एवढंच म्हणायचा. मला त्याचं हे फार आवडलं. तोच आहे म्हणाला असता तर आईला केवढं बरं वाटलं असतं, पण जे माहीत नाही ते नाही.

बसायला त्याने आमचा जुना गोठा धरला. गुरं आता नाहीत, गोठ्यात लाकडं आणि नारळाच्या शेंड्या. त्याच्या मागच्या झरोक्यातून दरड समोर दिसते पण चांगली लांब, त्यामुळे पक्ष्यांना कळतही नाही कोणी बसलंय. डास, चिखल, एका बाजूने गळणारी कौलं, आणि हा सकाळी दोन तास, दुपारी दोन तास तिथे. वही मी नंतर बघितली, त्याने स्वतःहून दाखवली तेव्हा. अक्षर बारीक, काटाकोटी कमी. एका पानावरचं इथे उतरवते:

"७.१० एक आला. नर की मादी, सारखेच दिसतात. चोचीत सापसुरळी. फांदीवर आपटली, सात-आठ वेळा. आत गेला नाही, चार मिनिटं बसून राहिला. ७.१५ आत. ७.१५ बाहेर. ७.३१ दुसरा. छोटा बेडूक. डोकं बाहेरच्या बाजूला."

डोकं बाहेरच्या बाजूला हे काय, म्हटलं. तर म्हणाला, स्वतः खायचं असेल तेव्हा तो भक्ष्याचं डोकं घशाकडे करून धरतो आणि गिळून टाकतो, आणि दुसऱ्याला भरवायचं असेल तर डोकं बाहेर, म्हणजे पिल्लाच्या तोंडात आधी डोकं जाईल आणि पाय-शेपूट अडकणार नाही. तुला कोणी सांगितलं? कोणी नाही, बघितलं. आधी ते बिळात जाताना चोच रिकामी असायची, एक बाहेर आला की दुसरा आत, म्हणजे अंडी उबवणं चालू होतं, आणि त्या दिवसापासून चोचीत डोकं बाहेर धरलेलं काहीतरी यायला लागलं, म्हणजे पिल्लं झाली. हे त्याने कुठे वाचलेलं नव्हतं. त्याने ते बसून बसून काढलं होतं, आणि सांगताना त्याच्या आवाजात जी खात्री होती ती मी त्याच्यात पहिल्यांदा ऐकली. मग बेड्याजवळ जाऊन मोबाईलवर ताडून बघितलं तर खंड्यांच्या बाबतीत हे खरंच आहे. चार-पाच अंडी, नर-मादी दोघं उबवतात, साधारण १७ दिवसांनी पिल्लं आणि मग आणखी साधारण २० दिवसांनी ती बाहेर पडतात. त्याने वहीच्या मागच्या पानावर कॅलेंडर आखलं.

जुलैमध्ये शेजारच्या मुलाने कधी तरी मोबाईलवर स्टेटस टाकलं असणार, कारण एका रविवारी दोन गाड्या येऊन थांबल्या, मोठमोठ्या लेन्सा, तिबोटीचं घरटं कुठाय, पैसे देतो. या पक्ष्याच्या फोटोसाठी लोक पावसाळ्यात कुठून कुठून येतात, कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात तर विचारू नका. आणि सगळे वाईट असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, लांब बसून तासन् तास वाट बघणारे पण आहेत. पण फ्लॅश मारणं, बिळासमोरच्या फांद्या तोडणं, ऐन भरवायच्या वेळी तोंडाशी जाऊन बसणं हे पण चालतं, आणि मग आईबाप आत यायलाच धजत नाहीत. भाचा म्हणाला, "सध्या पिल्लं आहेत, आता नाही दाखवणार." त्यातले एक जण जरा चढ्या आवाजात बोलायला लागले तर हा आवाज न चढवता तेच वाक्य परत म्हणाला. मग अजून एकदा. ते गेले. मला तर वाटलं होतं माझ्या पाठीमागे येऊन उभा राहील.

पण खरी कसोटी पुढेच होती. जुलैत असा पाऊस लागला की चार दिवस सूर्य नाही. एका रात्री धडधड आवाज झाला आणि सकाळी बघतो तर दरडीचा न्हाणीघराकडचा तुकडा खाली आलेला, माती थेट न्हाणीच्या भिंतीला टेकलेली. आई घाबरली. घाबरण्यासारखंच होतं, आमच्या बाजूला दरड म्हटलं की काळजात धस्स होतं. मी दादाला फोन केला. त्याने तिथूनच चौकशी केली, रस्त्याच्या कामाला जेसीबी जवळच आलेला होता, तासाभराचं काम, अख्खी दरड उतरती करून घ्या म्हणाला, उद्याच्या उद्या. आणि त्याचं चुकत नव्हतं. घरात म्हातारी आई, रात्रीचा पाऊस, तो तिकडे डोंबिवलीला, इतक्या लांब.

भाचा म्हणाला, फोन दे. महिन्याभरात पहिल्यांदा बापाशी आपण होऊन बोलत होता. मी छत्री धरून बाजूलाच उभी होते म्हणून सगळं ऐकलं. पक्षी वाचवा वगैरे काही बोलला नाही तो. म्हणाला, बाबा, पडलंय ते न्हाणीच्या टोकाला, तिथे वरून पाणी उतरतंय कारण वरचा चर बुजलाय, तो मोकळा केला की पाणी पलीकडून जाईल. फणसाच्या पलीकडची दरड घराच्या समोर येतच नाही, ती पडली तरी गोठ्याच्या अंगणात पडेल. मी रोज बघतोय, तिकडे भेग नाहीये. माती मी काढतो. तिकडच्या टोकाला पिल्लं आहेत, अकरा दिवस झालेत, अजून नऊ-दहा लागतील. मग करा काय करायचं ते.

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग दादाने विचारलं, "अकरा दिवस कशावरून?"

आणि मग याने सांगितलं. ते चोचीत डोकं बाहेर धरायचं, बिळाच्या तोंडाशी पांढरे ओघळ दिसायला लागले ते, दिवसातून किती फेऱ्या, सकाळी जास्त, धो धो पावसात कमी, मग उघडीप झाली की एकदम वाढतात. मी त्या मुलाला सलग इतकं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. रेंज गेली म्हणून फोन कट झाला तर दादाने परत लावला. शेवटी म्हणाला, न्हाणीकडची माती आजच्या आज काढा, गावातला कोणीतरी माणूस सोबत घ्या, आणि आई रात्री पुढच्या खोलीत झोपू दे. जेसीबीला मी नको सांगतो.

फावडं, घमेलं आणि वाडीतले एक काका. संध्याकाळपर्यंत दोघांनी माती काढली, वरचा चर मोकळा केला. हाताला फोड आले पोराच्या. रात्री आईने खोबरेल लावून दिलं आणि गरम पेज केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा परत गोठ्यात.

पिल्लं बाहेर पडली ती जुलैच्या शेवटाला. मला पण बोलावलं त्याने, फक्त बोलायचं नाही या अटीवर. बिळाच्या तोंडाशी एक डोकं आलं, चोच आईबापांसारखी लाल नाही, फिकट. आत गेलं. परत आलं. समोरच्या फांदीवर मोठा पक्षी चोचीत काहीतरी धरून बसलेला, आणि आत देतच नव्हता, बाहेर ये म्हणत असावा. किती वेळ गेला मला कळलं नाही, पाय मुंगळ्यांनी फोडून काढले होते. मग ते पिल्लू एकदम सुटलं आणि खालच्या अळवात जाऊन पडलं, म्हणजे मला वाटलं पडलं, मी उठायला लागले तर याने माझा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने अळवाच्या देठावर बसलेलं दिसलं. मोठ्या पक्ष्याने जाऊन भरवलं. दुपारपर्यंत चार बाहेर आली. पाचवं होतं की नव्हतं माहीत नाही, वहीत पण तसंच लिहिलंय, चार दिसली.

ऑगस्टमध्ये त्याचं कॉलेज सुरू झालं आणि तो गेला. शांत आहे तो अजूनही. कोणाला वाटेल बदलला म्हणून, तसं काही नाही, फोनवर अजूनही एका वाक्यात उत्तर देतो. फक्त माझ्यात काही नाही हे त्याने परत कधी म्हटलं नाही. डोंबिवलीतसुद्धा वही चालू आहे, खाडीकडे जातो सकाळी लवकर, आता दादाही रविवारी बरोबर असतो, आणि दादा म्हणतो की आम्ही दोघं तीन-तीन तास काही बोलत नाही पण बरं वाटतं. बापलेकाचं हे असं जमेल असं वहिनीला कधी वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात ५ ते १२ आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, त्यात कॉलेजात काहीतरी बोल म्हणून मागे लागले होते त्याच्या. नको म्हणाला. त्याऐवजी वहीतल्या नोंदी नीट तक्त्यात मांडून भिंतीवर लावायला दिल्या. मला हे योग्य वाटलं. प्रत्येकाने माइक हातात घेतलाच पाहिजे असं कुठे आहे.

दरडीचं काम दादाने दिवाळीनंतर केलं. न्हाणीघराच्या मागे चिऱ्यांची भिंत, मध्ये मध्ये पाणी जायला भोकं, आणि फणसापर्यंत आणून थांबवली. गवंडी म्हणत होते पुढे पण एकदमच घ्या, स्वस्त पडेल. दादाने नको सांगितलं.

यंदा तो बारावीला, क्लास आहेत, त्यामुळे जूनमध्ये चारच दिवस येणार आहे आणि त्याची तिकिटं पण काढून झालीत. काल फोन आला होता, नवीन खोलीच्या काचांना बाहेरून जाळी मारली का, आणि मारली नसेल तर निदान जाड पडदे लावा आणि अंधार पडल्यावर ट्यूब लावायची असेल तर पडदे ओढूनच लावायची. आईला सांगून झालंय, काकूंना पण सांगून झालंय. जाळीवाला उद्या येतोय.